शिक्षणमंत्री, माझ्या मुलीचे दोनशे रुपये कोणत्या धड्यात आहेत?

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सा. न. वि. वि.

माझी मुलगी यंदा कॉमर्समधून बारावी झाली आणि एका दुकानात ठेकेदारामार्फत बिलिंगला लागली. पगार 'जवळजवळ पंधरा हजार' सांगितला होता. पहिल्या महिन्याला खात्यात आले ११,२६२. मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाली, "आई, मी एकही खाडा केला नव्हता गं."

तिला वाटलं, दंड झाला. म्हणून हे पत्र.

रात्री दोघी स्लिप घेऊन बसलो. बेसिक-डीए १२,०००, घरभाडे १,०००. म्हणजे मुळात तेराच. मालकाने भरायचे पीएफचे १,४४० आणि ईएसआयचे ४२३ तिच्याच पगारात मिळवून 'पंधरा' केले होते! मग त्या तेरातून कापले तिच्या वाट्याचे पीएफ १,४४०, ईएसआय ९८. ते समजावलं, पीएफ तुझाच आहे, ईएसआयवर दवाखाना होतो. शेवटी 'पीटी २००'. ती म्हणाली, "पीटीचा तास तर शाळेत असायचा ना?"

साहेब, तो व्यवसाय कर. आणि १ एप्रिल २०२३पासून महिना २५,०००पर्यंत पगार असलेल्या बाईला तो माफ आहे. नियम राज्य सरकारचाच. ठेकेदाराच्या ऑफिसात विचारलं तर उत्तर आलं, "सगळ्यांचाच कापतो." अशा किती पोरींचे कापतात, हे मी मोजलेलं नाही. हजारो तरी असतील, जास्तच.

याच मुलीने बारावीत भागीदाराची निवृत्ती, भागीदाराचा मृत्यू, ख्यातीचं मूल्यांकन पानंच्या पानं सोडवलं. मेलेल्या भागीदाराच्या वारसांना किती द्यायचे ते ती पैशापर्यंत सांगेल. स्वतःचे दोनशे कुठे गेले, ते पुस्तकात नव्हतं. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात लिहिलंय म्हणे, २०२५पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख होईल. माझी मुलगी उरलेल्या निम्म्यांत असावी.

मला तरी कोणी शिकवलं होतं? चौदा वर्षं पॅकिंगला उभी राहिले. दर महिन्याला पीएफचे बारा टक्के कापले जायचे, मी मान डोलवायचे. कंपनी बंद पडली तेव्हा कळलं, पासबुकात सहाच वर्षांचे पैसे. पीएफ खात्याचा यूएएन नावाचा बारा आकडी नंबर असतो हेही तेव्हाच कळलं. त्यात नाव माहेरचं, आधारवर सासरचं. पीएफ ऑफिसात नऊ खेपा घातल्या, प्रत्येक खेपेला नव्या कामावरचा एक रोज बुडाला. खिडकीतला माणूस म्हणाला, "मॅडम, तेव्हाच बघायचं ना." कशात बघायचं? स्लिप इंग्रजीत, तीही मागितली तर मिळायची. मराठीला २०२४मध्ये अभिजात दर्जा मिळाला, फटाके वाजले, छान झालं. पगाराची स्लिप अजून इंग्रजीतच आहे.

आणि एवढं कापून म्हातारपणी मिळतं काय? पीएफबरोबरच्या पेन्शनची किमान रक्कम २०१४ साली हजार रुपये ठरली, आमच्यासारख्यांना तेवढ्यावर महिना काढायचा. हे खातं तुमचं नाही, ठाऊक आहे. कामगारवाले म्हणतात केंद्राचं, केंद्रवाले म्हणतात मालकाचं, मालक सापडत नाही.

तुमच्याकडे मागणं एवढंच: अकरावीच्या पुस्तकात एक खरी स्लिप छापा, मराठीत, आणि परीक्षेत पाच मार्कांना विचारा.

मुलीच्या स्लिपची झेरॉक्स सोबत आहे. दोनशेवरचा लाल गोल माझा. तिचं आणि ठेकेदाराचं नाव खोडलंय, कारण नोकरी टिकवायचीय.

आपली,
एक आई