चमकत्या पॉलिमरची बातमी पूर्ण आकड्यांसह द्या

महोदय,

अतिनील प्रकाशात चमकणारे सच्छिद्र सेंद्रिय पॉलिमर कार्बन डायऑक्साइड शोषतात आणि स्फोटकांचा मागही काढतात, अशा बातम्या अधूनमधून येतात. विषय खराच मोलाचा आहे. लिव्हरपूल विद्यापीठात अँड्र्यू कूपर यांच्या गटाने २००७ मध्ये असे संयुग्मित (एकाआड एक एकेरी व बहुबंध असलेले) जाळे बनवले, तेव्हा ग्रॅममागे ८३४ चौरस मीटरपर्यंत पृष्ठफळ मिळाले होते. बातम्यांत मात्र कार्बन डायऑक्साइड शोषण्याचा आकडा अर्धवट येतो.

‘ग्रॅममागे ३ मिलिमोल’, म्हणजे १३२ मिलिग्रॅम वायू, हे माप बहुधा शून्य अंश सेल्सिअसला, १ बार दाबाच्या शुद्ध, कोरड्या कार्बन डायऑक्साइडमध्ये घेतलेले असते. कोळशाच्या वीजकेंद्राच्या धुरात हा वायू जेमतेम १२ ते १५ टक्के असतो, धूर गरम असतो आणि त्यात वाफही असते. तिथे त्या क्षमतेचा पाव भागही बऱ्याचदा उरत नाही. म्हणून ०.१५ बारचा, म्हणजे धुरात या वायूचा जेवढा दाब असतो तेवढ्या दाबाचा, आणि दमट वायूतला आकडा विचारलाच पाहिजे.

संवेदनाच्या दाव्यांत गफलत याहून जास्त होते. पॉलिमरच्या नमुन्यात पिक्रिक ॲसिड हे स्फोटक रसायन टाकले की चमक विझते आणि लगेच ‘संवेदक तयार’ म्हटले जाते. पण पिक्रिक ॲसिड स्वतःच ३६० नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश खाते. तो पॉलिमरपर्यंत पोचतच नाही. पडताळणी सोपी आहे. पिक्रिक ॲसिडचे द्रावण वेगळ्या क्युव्हेटमध्ये (छोट्या पारदर्शक पात्रात) भरून प्रकाशाच्या वाटेत, नमुन्याच्या आधी ठेवा. तरीही चमक तेवढीच घटली, तर त्यात छिद्रांचा काही संबंध नाही. शिवाय ही पावडर विरघळत नाही, ती तळाशी बसते आणि चमक आपोआप उतरते. म्हणून मोजताना ढवळत राहावे, आणि तेवढेच नुसते द्रावक टाकून कोरी चाचणीही घ्यावी.

पॉलिमर बनवताना वापरलेल्या पॅलेडियम उत्प्रेरकाचे अवशेषही चमक मारतात. सॉक्सलेटमध्ये (ताज्या द्रावकाने पुन्हापुन्हा धुणाऱ्या उपकरणात) मिथेनॉलने निदान २४ तास धुऊन, मग १२० अंशांना निर्वातात रात्रभर सुकवल्याशिवाय दोन बॅचची तुलना करू नये. डीएमएफ हे द्रावक छिद्रांत अडकून राहिले, तर पृष्ठफळ फसवे कमी दिसते.

महाविद्यालयांतील विद्यार्थी हे प्रयोग करतात, म्हणून एक गोष्ट ठासून सांगायला हवी: कोरडे पिक्रिक ॲसिड स्फोटक असते. ते पाण्याने ओलेच ठेवावे, धातूच्या चमच्याने घेऊ नये, आणि झाकणाच्या आट्यांवर स्फटिक साचलेली जुनी बाटली कोणीही स्वतः उघडू नये.

– पॉलिमर रसायनाचे काही अभ्यासक, पुणे