ट्रॅकच्या फ्रेमसाठी कार्बनच्या मागं लागू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मध्यंतरी तुमच्या क्रीडा पानावर ट्रॅक सायकलिंगवर लेख आला होता, बरं वाटलं, आपल्या सीमाभागात कुस्ती, कबड्डी आणि क्रिकेट सोडून कुणी दुसऱ्या खेळाला अर्धं पान दिलं हेच खूप झालं. पण त्यात एक वाक्य असं होतं की वेलोड्रोमवर, म्हणजे सायकल शर्यतीच्या तिरक्या वळणांच्या ट्रॅकवर, उतरायचं तर कार्बन फ्रेमच पाहिजे, आणि त्या एका वाक्यानं इकडं घोळ घातलाय बघा. मी बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉप चालवतो, सायकलींची जुनी हौस, म्हणून रेसवाली पोरं फ्रेम घेऊन शेडमध्ये येतच असतात, आता त्यांचे आईबाप पण यायला लागलेत. खानापूर, निपाणी, चिकोडीकडचे. एकजण तर फ्रेमसाठी सोसायटीतनं कर्ज काढायला निघाला होता. पोरगं अजून जत्रेतल्या शर्यतीत साध्या सायकलवर पळतंय, पुण्यात बालेवाडीच्या ट्रॅकवर एकदा जाऊन आलंय एवढंच. म्हणून हे पत्र.

ट्रॅकला ताठ फ्रेम लागते हे खरं, त्यात वाद नाही. ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नसतो, फ्रीव्हील नसतं म्हणजे चाक फिरतंय तोवर पायडल फिरतच राहतो, गिअर एकच. उभ्या जागेवरनं सुटायचं म्हणजे ४८ किंवा ५० दातांचं चेनव्हील आणि मागं १५ दाती, पायडलच्या एका फेऱ्यात सायकल जवळजवळ सात मीटर जाणार, तेवढा जड गिअर पोरगं अख्खं अंग टाकून ढकलतं आणि त्याच वेळी हँडल वर ओढतं. फ्रेम लेचीपेची असली तर बॉटम ब्रॅकेट (बीबी), म्हणजे पायडलचा ॲक्सल जिथं फिरतो तो डबा, डावीउजवीकडं डोलतं, मागचं चाक तिरकं होतं, कधी कधी फ्रेमच्या मागच्या पाइपला घासतं पण.

पण ताठपणा कार्बनमधनंच येतो हे कुणी सांगितलं? आमच्या धंद्यातली साधी गोष्ट आहे. ॲल्युमिनियम धातू म्हणून स्टीलच्या साधारण एक तृतीयांशच ताठ असतो, तरीपण ॲल्युमिनियमच्या ट्रॅक फ्रेमी चांगल्या कडक असतात, कारण पाइप जाड व्यासाचा घेतात. पत्र्याची जाडी तीच ठेवून पाइपचा व्यास दुप्पट केला तर वजन दुप्पट होतं आणि ताठपणा आठपट. म्हणून बघायचं काय, तर डाउनट्यूब म्हणजे हँडलपासनं बीबीकडं उतरणारा पाइप केवढा आहे आणि तो बीबीच्या डब्याला किती रुंदीनं चिकटलाय, चेनस्टे म्हणजे बीबीपासनं मागच्या चाकाकडं जाणारे पाइप चांगले उंच आणि भरीव आहेत का, हेडट्यूब म्हणजे हँडल ज्यात बसतं तो पुढचा पाइप खाली रुंद होत गेलाय का. जुन्या स्टील फ्रेमीचा डाउनट्यूब २८ ते ३२ मिलिमीटरचा असायचा, ॲल्युमिनियममध्ये चाळीसच्या पुढं पाहिजे. व्हर्नियर घेऊन दुकानात जायला लाज कसली, मी तर खिशातच ठेवतो.

आणि दुकानात हात लावून बघा. सायकल उभी धरायची, एक हात हँडलवर एक सीटवर, आपल्याकडचा पायडल खाली आणून त्यावर बुटानं आतल्या बाजूला दाबायचं आणि नजर बीबीवर ठेवायची. थोडं हलणारच, सगळ्याच फ्रेमी हलतात. पण दोन फ्रेमी शेजारीशेजारी, चाकं आणि क्रँक (पायडलचे दांडे) तेच ठेवून दाबल्या की फरक डोळ्याला दिसतो. आम्ही शेडमध्ये हेडट्यूब आणि मागची टोकं क्लॅम्प करून बीबीच्या बाजूला वजन टांगतो आणि डायल लावून बघतो. एकदा एका पोराची महागडी सेकंडहँड कार्बन आणि दुसऱ्याची साधी ॲल्युमिनियमची, दोन्ही अशाच लावल्या तर डायलचा काटा कार्बनवर जास्त फिरला. सगळ्या कार्बन फ्रेमी अशा असतात असं मी म्हणत नाही, कार्बनमध्ये थर कुठं कसे टाकलेत त्यावर सगळा खेळ, आणि ते बाहेरनं दिसत नाही. ॲल्युमिनियममध्ये निदान पाइप दिसतो.

जपानमध्ये कीरिनच्या, म्हणजे ट्रॅकवरच्या सायकल स्प्रिंटच्या, शर्यती १९४८ पासनं चालू आहेत, पैसे लावून, आणि तिथले पुरुष रायडर आजपण त्या शर्यतीत स्टीलच्याच फ्रेमीवर पळतात, नियमच आहे तसा. तिथल्या मांड्या बघितल्यात का तुम्ही. त्यांना स्टील पुरतं आणि आपल्या सोळा वर्षाच्या पोराला कार्बनशिवाय जमत नाही, असं कसं होईल? शिवाय चार किलोमीटर परसूटसारख्या लांब पल्ल्याच्या प्रकारात तर रायडरची बहुतेक सगळी ताकद हवा कापण्यात जाते, तिथं फ्रेमच्या ताठपणापेक्षा पोराची पाठ किती सपाट राहते आणि कोपर किती आत राहतात ह्याचा फायदा कितीतरी जास्त. अगदी कडक फ्रेम स्प्रिंट आणि टीम स्प्रिंटवाल्यांना, म्हणजे जागेवरनं सुटणाऱ्यांना.

आता खरी फसवणूक कुठं होते ते सांगतो. ऑनलाइन आणि शहरातल्या काही दुकानांत फिक्सी, म्हणजे एका गिअरच्या फ्रीव्हील नसलेल्या सायकली, म्हणून रस्त्यावर मिरवायच्या फ्रेमी ट्रॅक फ्रेम म्हणून विकतात. रंग भारी, स्टिकर भारी. आमच्याकडं एकानं आणलेली, तिला पुढंमागं ब्रेकची भोकं, बाटलीचे स्क्रू, आणि बीबी रस्त्याच्या सायकलएवढंच खाली. आता ट्रॅकवर पायडल थांबवता येत नाही, आणि बँकिंगवर, म्हणजे ट्रॅकच्या तिरक्या वळणावर, वेग कमी पडला की सायकल सरळ उभी राहायला बघते पण खालची जमीन तिरकी, मग उजवा पायडल ट्रॅकला टेकतो आणि पोरगं खाली. दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियमचा लाकडी ट्रॅक २५० मीटरचा आहे, असल्या ट्रॅकचं वळण चाळीस अंशाच्या वर असतं, तिथं हा खेळ महागात पडतो. म्हणून ट्रॅक फ्रेमचं बीबी उंच पाहिजे आणि क्रँक १६५ मिलिमीटरच्या आसपास. हे दोन आकडे दुकानदाराला विचारायचेच, त्यानं तोंड वेडंवाकडं केलं तर दुसरं दुकान बघायचं.

मागची टोकं, म्हणजे जिथं ॲक्सल बसतो ते ड्रॉपआउट, ह्याकडं कुणी बघत नाही आणि माझ्या मते सगळ्यात जास्त बघायची जागा तीच. ट्रॅकमध्ये त्याची खाच मागं उघडी असते, चाक मागं ओढून चेन ताणायची आणि १५ नंबरच्या पान्यानं नट आवळायचे. जोरात सुटलं की चेन उजव्या बाजूनं ॲक्सल पुढं खेचते. ॲल्युमिनियमचं टोक पातळ आणि उघडं असलं तर नट त्यात खड्डे पाडतो, मग कितीपण आवळा, चाक सरकतंच आणि पोरगं म्हणतं फ्रेम मऊ आहे. टोक जाड पाहिजे आणि त्यावर स्टेनलेसची पट्टी असली तर डोळे झाकून घ्या. खाच पण लांब पाहिजे. एक दात वाढवला की ॲक्सल साधारण सव्वातीन मिलिमीटर सरकतो, म्हणजे खाच बरी असली तर चेन न तोडता चारपाच दातांचा फरक करता येतो, वॉर्मअपचा गिअर आणि रेसचा गिअर वेगळा ठेवता येतो.

बीबी शक्यतो चुडीचं घ्या, साधं इंग्लिश थ्रेड, ६८ मिलिमीटर. दाबून बसवायचे बीबी कटकट करतात आणि कप मिळाला नाही तर बेंगळूर नाहीतर पुण्याची वाट बघत बसा. सीटपोस्ट पण गोल २७.२ चाच. विमानाच्या पंखासारखा चपटा पोस्ट दिसायला झकास, पण त्याचा क्लॅम्प हरवला तर अख्ख्या बेळगावात मिळणार नाही.

सेकंडहँड घ्यायला माझी ना नाही, उलट आपल्या लोकांनी तेच करावं, फक्त तडा बघून. ॲल्युमिनियम दमतं. हेडट्यूबच्या खालचा वेल्ड, बीबीच्या भोवती, चेनस्टेचा सांधा, इथं रंगात केसासारखी रेघ दिसली तर तेवढाच रंग खरडायचा आणि कुठल्यापण फाउंड्रीत डाय पेनिट्रंट मारून घ्यायचा. लाल फवारा, दहापंधरा मिनिटं थांबायचं, स्वच्छ पुसायचं, वरनं पांढरा डेव्हलपर. तडा असला तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटून येते. नुसताच रंग उडालेला असला तर काही उमटत नाही. आपल्याकडं कास्टिंग रोज असंच तपासतात, त्यात नवीन काही नाही.

आणि तडा निघाला तर टिग वेल्डिंगवाला म्हणेल जोडून देतो. देऊ नका जोडायला. ६०६१ जातीच्या ॲल्युमिनियमची फ्रेम वेल्ड केल्यावर त्या जागेची ताकद जाते, ती परत आणायला पूर्ण फ्रेम भट्टीत घालून हीट ट्रीटमेंट करावी लागते, ते कंपनीत होतं, गल्लीत होत नाही. आमच्या उद्यमबागेचे वेल्डर कुणाला हार जाणारे नाहीत, पण हे काम त्यांचंपण नाही.

ब्रँड विचारतात म्हणून सांगतो, इंग्लंडची डोलन प्री कर्सा ही ॲल्युमिनियमची फ्रेम तिकडं नवशिक्यांत खूप चालते, फुजी आणि फेल्टच्या जुन्या ॲल्युमिनियम ट्रॅक फ्रेमी कुठं मिळाल्या तर त्यापण बऱ्या. बाहेरनं मागवताना शिपिंग आणि कस्टम आधी हिशोबात धरा, नाहीतर स्वस्त म्हणून घेतलेली फ्रेम कुरिअरवाला दारात आला की महाग होते. इथं घेत असाल तर सप्टेंबर २०२५ पासनं सायकल आणि सुट्या भागांवरचा जीएसटी १२ वरनं ५ टक्के झालाय, बिल नीट बघा.

उरलेले पैसे चाकं, टायर आणि हँडल-स्टेमवर घाला. फ्रेम कितीपण ताठ असली आणि चाकाचे स्पोक ढिले असले तर चाक वाकतं आणि शिव्या फ्रेमला बसतात.

साइजचं मात्र आईबापांनी ऐकावं. शाळेचा शर्ट वाढत्या अंगाचा घेतो तशी फ्रेम घेतात, दोन नंबर मोठी, पोरगं वाढेल म्हणून. मग ते हँडलला पोचत नाही, सीट पुढं सारतात, स्टेम आखूड लावतात, आणि बँकिंगवर सायकल सरळ जायची सोडून डुलायला लागते. फ्रेम आजच्या पोराच्या मापाची पाहिजे. ह्यावर उपाय एकच दिसतोय, बेळगाव, खानापूर, निपाणीच्या सायकल मंडळांनी पैसे एकत्र करून लहान, मधली आणि मोठी अशा तीन ॲल्युमिनियम फ्रेमी घ्याव्यात, तिन्हीला बीबी आणि सीटपोस्ट एकाच मापाचं, आणि पोरगं वाढलं की त्याला पुढच्या फ्रेमवर बसवावं, लहान फ्रेम मागच्याला द्यावी. एका कार्बन फ्रेमच्या पैशात तिन्ही बसायला हरकत नाही, हिशोब मी करून देतो.

आपला,
उद्यमबागचा एक वाचक, बेळगाव