टोन कोणाचा वाढला?

संपादक महोदय,

आईला अर्धांगवायूचा झटका येऊन चार महिने झाले. परवा तालुक्याला फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी तिचा हात कोपरात हलकेच वाकवून पाहिला आणि म्हणाल्या, ‘‘टोन वाढलाय.’’ बाबा लगेच म्हणाले, ‘‘तिचा टोन त पयलेपासूनच वाढेल हाये!’’ आईसुद्धा हसली.

मला मात्र अर्थ कळायला दोन चकरा लागल्या. सैल सोडलेल्या हाताच्या स्नायूंतही थोडा ताण असतो, तो टोन. झटक्यानंतर तो वाढला की हात आखडतो. त्याच दिवशी बाबांच्या कानांची तपासणी होती. हेडफोन लावून सांगितलं, ‘टोन ऐकू आला की बटण दाबा.’ इथे टोन म्हणजे एकाच कंप्रतेचा, म्हणजे एकाच पट्टीतला, आवाज. बाबा आईकडे बघत बसले! शब्द उच्चारतानाच्या सुरालाही टोनच म्हणतात; पंजाबीत तर ‘कोडा’ तीन सुरांत म्हटलं की घोडा, चाबूक आणि कुष्ठरोगी असे तीन अर्थ होतात.

डॉक्टरांनी खेड्यातल्या माणसाला सरळ ‘हात आखडलाय’ म्हणावं. ‘ताण’ही नको, आमच्याकडे त्याचा अर्थ बीपी!

– एक वाचक, जि. यवतमाळ