दिवेआगरच्या पोफळी कोण मोजणार?

मा. पर्यटनमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सप्रेम नमस्कार.

यंदा जानेवारीत चौदा-पंधरा वर्षांनी रायगड जिल्ह्यातल्या दिवेआगरला गेलो. ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळा, बोर्ली पंचतन, रस्ता ओळखीचाच होता. गावात शिरल्यावर मात्र चुकलो. ज्या वळणावर भर दुपारी पोफळींच्या, म्हणजे सुपारीच्या झाडांच्या, सावलीत शिरताना क्षणभर काही दिसेनासं व्हायचं, तिथे लख्ख ऊन पडलं होतं.

आम्ही पहिल्यांदा आलो ते 1999 साली. नोव्हेंबर 1997 मध्ये इथल्या एका वाडीत खणताना तांब्याच्या पेटीत सोन्याचा गणपती सापडला आणि गावाकडे गाड्या वळल्या. आलेल्या माणसांना उतरायला जागा नव्हती, तेव्हा गावकऱ्यांनी आपली घरं उघडली. आम्हीही असेच एका घरी उतरलो. पडवीत गाद्या, जेवायला केळीचं पान, उकडीचे मोदक हवे असतील तर सकाळीच सांगायचं. पहाटे पंप सुरू व्हायचा आणि खिडकीखालून पाटाचं पाणी खळखळत पोफळींच्या आळ्यांत जायचं. सुपारी उतरवणारा गडी एका पोफळीच्या शेंड्याला झोका देऊन दुसरी धरायचा, जमिनीवर पाय न टेकता अर्धी वाडी पालथी घालायचा. माझी मुलगी समुद्र सोडून तेच बघत बसायची. समुद्र तर काय, वाडी संपली की केवडा, मग सुरूचं बन आणि पलीकडे पुळण. लाटा आधी ऐकू यायच्या, मग दिसायच्या.

'आगर' म्हणजे हेच. शके 982 च्या ताम्रपटात, म्हणजे 1060 साली, या गावाचं नाव मराठीत कोरलेलं आहे. नावातच बाग असलेल्या गावाची बाग आज ओसरत चालली आहे.

मधल्या काळात गावावर काय काय गुदरलं ते आपण जाणताच. 24 मार्च 2012 च्या दरोड्यात मूर्ती गेली आणि दोन पहारेकऱ्यांचा जीव गेला. नव्यानं घडवलेली मूर्ती देवळात यायला नोव्हेंबर 2021 उजाडला. पण गावाचं रूप बदललं ते 3 जून 2020 ला, 'निसर्ग' वादळानं. काही तासांत पिढ्यांनी जोपासलेल्या वाड्या आडव्या झाल्या. भरपाई ठरली पोफळीच्या एका झाडाला 50 रुपये, नारळाला 250. हे खातं आपलं नव्हे, ठाऊक आहे. पण आज तिथे एक शहाळं प्यायलात तरी पन्नासात भागत नाही, एवढं पर्यटनमंत्र्यांनी लक्षात ठेवायला हरकत नसावी.

ज्यांच्याकडे उतरायचो त्या काकू आता नाहीत. त्यांच्या मुलानं उरलेली वाडी दाखवली. वादळानंतर लावलेली निम्मी रोपं उन्हानं करपली, कारण कोवळ्या पोफळीला डोक्यावर सावली लागते आणि सावली देणारी झाडंच पडली होती. त्यानं मध्ये केळी लावल्या, रोपं पुन्हा लावली. सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात. प्लॉट घेणाऱ्याचा फोन मात्र दर आठवड्याला येतो. शेजारची वाडी गेलीच. तिथे आता भिंत आहे, आत निळा तरणतलाव आहे, पलीकडे हाकेवर अरबी समुद्र आहे.

संध्याकाळी पुळणीवर गेलो. चारचाकी गाड्या थेट पाण्यापर्यंत उतरलेल्या, डिकी उघडी, गाणी जोरात. एक गाडी ओल्या वाळूत रुतली होती आणि ट्रॅक्टरवाला भाव ठरवत होता. याच किनाऱ्यावर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं वाळू उकरून अंडी घालायला येतात. पिल्लं बाहेर यायला दीड-दोन महिने लागतात. वरून टायर गेले तर खाली काय राहणार?

माझं मागणं मोठं नाही. सुरूच्या बनाअलीकडे दगड रोवा आणि एकही चाक, घोडागाडीचं सोडून, पुढे जाऊ देऊ नका. (घोडागाडीबद्दल मुलांचा आग्रह आहे, माझाही.) आणि आपल्या निवास व न्याहारी योजनेत जशा खोल्या मोजता तशा त्या घराच्या पोफळीही मोजा. ज्याच्या वाडीत झाडं उभी आहेत त्याला वीजबिलात, करात, कर्जात काही सवलत द्या, रोपं वाढेपर्यंतची वर्षं तो तग धरू शकेल एवढी. आम्ही दिवेआगरला आलो ते या वाड्यांमुळे. काँक्रीटचा सज्जा आणि 'आय लव्ह' लिहिलेला फलक बघायला कुणी ताम्हिणी उतरत नाही. तसले फलक आमच्या पुण्यात चौकाचौकांत आहेत.

दोष माझाही आहे. या वेळी फोन केला तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, "एसी आहे ना?" समोरून थोडं थांबून उत्तर आलं, "पूर्वी तुम्ही अंगणात झोपायचात, काका."

आपण एकदा जावं. सरकारी विश्रामगृहात उतरू नये, या घरी उतरावं, आणि मे महिन्यात जावं, म्हणजे सावली म्हणजे काय ते कळेल. अंगणात खाट टाकून देतो म्हणालाय तो. एसी नाही, मी आधीच विचारून घेतलं आहे.

आपला,
दिवेआगरचा एक जुना पाहुणा, पुणे