आमच्या चिंगीसाठी धावून आलेल्यांचे मनापासून आभार

आमची गावरान कोंबडी चिंगी मुंगसाच्या तावडीतून सुटली, पण डोक्याला जबर मार बसला. मान पिळल्यासारखी उलटी वळली होती. उभी केली की गोल फिरून कोलमडायची. "कोंबडीच तर आहे," असं म्हणणारेही भेटले. तुम्ही मात्र तसं म्हणाला नाहीत.

रिक्षावाले दादा, सिंहगड रोडच्या त्या गर्दीत तुम्ही एकेक खड्डा चुकवत रिक्षा चालवलीत, आणि वर भाडंही घेतलं नाहीत. डॉक्टर मॅडम, दवाखाना बंद करायची वेळ झाली असताना तुम्ही जखम धुतलीत, औषध दिलंत आणि नीट समजावून सांगितलंत: मेंदूला सूज आली की तोल जातो, म्हणून ऊब, अंधार आणि शांतता हवी, बाकीच्या कोंबड्यांपासून वेगळं ठेवा, रक्त दिसलं की त्या टोचतात.

धायरीच्या भाजीवाल्या मावशींचे उपकार तर कसे फेडू? मी चोचीत पाणी ओतणार, तेवढ्यात त्यांनी हात धरला. "अगं, श्वासनळीत जाईल!" जिभेच्या मुळाशीच श्वासनळीचं तोंड असतं. त्यांनी बोट पाण्यात बुडवून चोचीच्या कडेला एक थेंब लावला. चिंगीने चोच मिटली, गिळलं, आणि पुन्हा उघडली. तिथे मला रडू फुटलं.

मान अजून जराशी कलते, पण बाजरी ती स्वतः टिपते. तुमची नावं विचारायची राहून गेली. कधीही घरी या, तिला बघायला.