येताना आठ तास, जाताना सात

जर्सी सिटी
रविवार

प्रिय मध्या,

मुलीकडे लंडनला येतोयस आणि तिथून आठवडाभर इकडेही टपकणार, हे वाचून बरं वाटलं. ये लेका, खोली रिकामीच आहे. वहिनींनाही आण.

लंडनचं हीथ्रो ते न्यूयॉर्कचं जेएफके आठ तास आणि परतीला सातच, तिकिटात काही घोळ आहे का, असं विचारलंयस. घोळ नाही. अंतर दोन्हीकडून तेच, साधारण ५,५५० किलोमीटर. सगळा खेळ वाऱ्याचा. विमानं उडतात त्या उंचीवर अटलांटिकवरून जेट स्ट्रीम, म्हणजे जोरदार वाऱ्याचा पट्टा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो आणि हिवाळ्यात तर चांगलाच पिसाळतो. इकडे येताना तो तोंडावर, परत जाताना पाठीवर. फेब्रुवारी २०२० मध्ये किआरा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं एक जम्बो न्यूयॉर्कहून ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोचलं! जमिनीच्या हिशेबाने वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर, तरी आवाजाचा वेग काही ओलांडला नाही, कारण हवाच सोबत पळत होती.

तुला इतिहासाचं वेड, म्हणून सांगतो. अल्कॉक आणि ब्राउन १९१९ साली न थांबता हा महासागर ओलांडणारे पहिले वैमानिक. तेही न्यूफाउंडलंडहून आयर्लंडला, म्हणजे वारा पाठीवर घेऊनच गेले, सोळा-एक तासांत, आणि उतरले ते थेट दलदलीत नाक खुपसून. उलट दिशेने, वाऱ्याशी झुंजत, न थांबता विमान यायला १९२८ उजाडलं. नऊ वर्षं!

नेटवर दोन विमानतळांची नावं टाकलीस की अंतराला ताशी ९००ने भागून सहा तास दहा मिनिटं वगैरे सांगतात. त्याच्या भरवशावर पुढचं काही बुक करू नकोस. त्यात वारा नसतो, धावपट्टीपर्यंतची रांग नसते, आणि हीथ्रोवर सकाळच्या गर्दीत घातलेल्या घिरट्याही नसतात. समोरच्या स्क्रीनवरचं चिमुकलं विमान लंडनजवळच्या बॉव्हिंग्डनच्या आसपास गोल गोल फिरायला लागलं की खुशाल डोळे मिटून घ्यावेत.

त्याच स्क्रीनवर बघ, न्यूयॉर्क लंडनच्या बरंच दक्षिणेला असूनही विमान निघतं ते वायव्येला तोंड करून. आधी आयर्लंड, मग नुसतं पाणी, मग न्यूफाउंडलंड आणि किनाऱ्याकिनाऱ्याने खाली. ग्लोबवर दोरा ताणून बघितलास की हीच वाट जवळची निघते. तीसुद्धा रोज एकच नसते. वाऱ्याचा अंदाज घेऊन महासागरावरचे मार्ग रोज नव्याने आखतात.

येताना दुपारचं विमान घे आणि उजवीकडची खिडकी, डावीकडे ऊन डोळ्यावर येतं. परतीला मात्र रात्रीचं घेऊ नकोस, असं माझं स्पष्ट मत. सात तासांतून जेवण आणि नाश्ता वजा केलास तर झोप उरते चार तासांची, तीही बसून. सकाळी सुटणारी मोजकी विमानं आहेत, त्यातलं बघ. रात्री घरी पोचून सरळ अंथरुणात.

आणि मार्चमध्ये येणार असशील तर घड्याळाकडे लक्ष दे. एरवी पाच तासांचा फरक असतो, पण अमेरिका घड्याळं आधी पुढे करते, त्यामुळे मधले दोन-तीन आठवडे चारच. मुलीला फोन लावताना गोंधळ होतो.

तारीख ठरली की फ्लाइट नंबर कळव. घ्यायला मीच येतो.

तुझा,
दिन्या