पत्त्याच्या रकान्यापाशी अडलेले अर्ज

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेघरांना मिळणाऱ्या निवास साहाय्याविषयी आपल्या दैनिकात नुकतेच एक वृत्त आले. किती घरे मंजूर झाली, किती निवारे उघडले आणि किती निधी खर्ची पडला, याचा तपशील त्यात होता. ‘ही योजना सर्व बेघरांसाठी खुली आहे’ या त्यातल्या वाक्यापाशी मी थबकले. योजना खुली असणे वेगळे आणि गरजवंताला तिथवर पोचता येणे वेगळे. या दोहोंमधले अंतर बातमीत सहसा येत नाही, म्हणून हे पत्र.

गेली काही वर्षे सुट्टीच्या दिवशी मी एका मदत केंद्रात बेघरांचे अर्ज भरून देते. काम निव्वळ कारकुनी आहे. अर्जात नावाखाली ‘सध्याचा पत्ता’ आणि ‘कायमचा पत्ता’ असे दोन रकाने असतात. साठी उलटलेल्या एका गृहस्थांचा अर्ज पहिल्यांदा परत आला, तो हे रकाने कोरे होते म्हणून. दुसऱ्या खेपेस त्यांच्याच सांगण्यावरून मी ‘उड्डाणपुलाखाली, तिसऱ्या खांबाजवळ’ असे लिहिले, कारण ते खरोखरच तिथे झोपत. तेव्हा ‘पत्त्याची पडताळणी करता येत नाही’ असा शेरा पडला. ‘खांब तर तिथंच उभा आहे की,’ एवढेच ते म्हणाले. तिसऱ्यांदा केंद्राचा पत्ता घातला आणि अर्ज दाखल झाला. पण मुलाखतीची तारीख कळवणारे पत्र आले, तोवर पुलाखालच्या सगळ्यांना तिथून उठवले होते आणि ते कुठे गेले हे कोणालाच ठाऊक नव्हते. प्रतीक्षायादीत त्यांच्या नावापुढे ‘अर्जदार गैरहजर’ अशी नोंद झाली. खिडकीवरचा कर्मचारी उर्मट नव्हता, हेही प्रामाणिकपणे नमूद करायला हवे. त्याने प्रत्येक वेळी नियमच सांगितला.

अडचण नेमकी इथेच आहे. प्रत्येक नियम सुटा पाहिला तर वाजवी वाटतो, आणि ते सगळे एकत्र आले की ज्याची परिस्थिती सर्वांत बिकट त्याचाच अर्ज सर्वांत आधी गळतो. ज्याचे छप्पर गेल्या महिन्यात गेले, ज्याच्याकडे फोन आहे, कागदपत्रांची पिशवी शाबूत आहे आणि पत्रापुरता एखादा नातेवाईक आहे, तो यादीत टिकतो. दहा वर्षे रस्त्यावर काढलेला माणूस टिकत नाही. हा प्रश्न न्यायालयांपुढेही आलेला आहे. जानेवारी २०१८ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयात रात्रनिवाऱ्यांच्या प्रकरणाची सुनावणी सुरू असताना, ज्याला घरच नाही त्याने आधार कार्ड कोणत्या पत्त्यावर काढायचे, असे न्यायमूर्तींनी सरकारी पक्षाला विचारले होते. अमेरिकेत १९८७ मध्ये बेघरांच्या मदतीसाठी एक कायदा झाला, तो आता मॅकिनी-व्हेंटो या नावाने ओळखला जातो; बेघर मुलांच्या शिक्षणाची तरतूदही त्यात होती. त्यातील पुढच्या दुरुस्त्यांनी असे ठरवून दिले की रहिवासाचा पुरावा किंवा जुने दाखले नसले तरी शाळेने मुलाला ताबडतोब दाखल करून घ्यावे आणि कागद मागाहून जमवावेत. जे शाळेच्या दाराशी जमते ते निवाऱ्याच्या दाराशी का जमू नये, याचे पटेल असे उत्तर मला अद्याप मिळालेले नाही.

स्त्रियांच्या बाबतीत तर मोजणीपासूनच गफलत होते. बेघरांची गणना बहुधा रात्री, रस्त्यावर झोपलेल्यांची केली जाते. आणि बाई रस्त्यावर झोपणे होता होईल तो टाळते. ती ओळखीच्यांकडे चार-चार दिवस काढते, प्रतीक्षालयात बसून रात्र घालवते, नाही तर मारहाण सोसत त्याच घरात राहते. युरोपातील बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थांच्या ‘फेआन्त्सा’ या महासंघाने २००५ मध्ये जे वर्गीकरण मांडले, त्यात उघड्यावर राहणाऱ्यांखेरीज असुरक्षित आणि अपुऱ्या निवाऱ्यात दिवस काढणाऱ्यांचाही समावेश केला, तो यासाठीच. पण योजनेच्या निकषात ‘बेघर’ म्हणजे ‘रस्त्यावर आढळलेला’ एवढाच अर्थ धरला, तर या स्त्रिया मुळात अर्जदारच ठरत नाहीत. नवऱ्याच्या मारहाणीमुळे घर सोडलेल्या एका बाईंना कायमच्या पत्त्याचा दाखला आणायला सांगितल्याचे मी स्वतः पाहिले आहे. तो आणायचा म्हणजे ज्या दारातून त्या पळाल्या त्याच दारात पुन्हा उभे राहायचे! इंग्लंडच्या कायद्यात स्थानिक संबंधाची अट आहे. अर्जदाराचा संबंध दुसऱ्या भागाशी असेल तर त्याला तिकडच्या परिषदेकडे पाठवता येते. मात्र तिथे घरगुती अत्याचाराचा धोका असेल तर तसे पाठवता येत नाही, असा अपवाद त्याच कायद्यात आहे. असा अपवाद लिहायला फार तर दोन ओळी लागतात.

व्यसन सोडा, उपचार घ्या, मग घराचे पाहू, ही अटही बरीच वर्षे गृहीत धरली गेली. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेंबेरिस या मानसशास्त्रज्ञाने हा क्रम उलटा केला : आधी घर, मग लागेल ती मदत. फिनलंडने २००८ पासून हेच राष्ट्रीय धोरण केले. कॅनडाने २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांत दोन हजारांवर बेघरांना सोबत घेऊन याची रीतसर चाचणी केली. तिच्या अखेरच्या सहा महिन्यांत, आधी घर मिळालेल्या गटातील ६२ टक्के लोक पूर्ण काळ घरात टिकून होते. नेहमीच्या सेवांवर सोडलेल्या गटात हे प्रमाण ३१ टक्के होते. दारू सुटल्याशिवाय माणूस घर सांभाळू शकत नाही, असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी हे आकडे जरूर पाहावेत.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. कागद मागितले नाहीत तर खोटे अर्ज येतील, हा पहिला; पण पडताळणी करण्याची जबाबदारी यंत्रणेने घ्यावी, ती अर्जदाराच्या डोक्यावर ठेवू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. निकष सैल केले तर घरे पुरणार नाहीत, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. स्कॉटलंडने २०१२ च्या अखेरीस ‘प्राधान्याची गरज’ हा निकष काढून टाकला. त्यामुळे मुलेबाळे किंवा आजार नसलेल्या एकट्या प्रौढ माणसालाही कायमच्या घराचा हक्क मिळाला. पण घरांची संख्या त्या मानाने वाढली नाही, तात्पुरत्या निवासात खोळंबलेल्यांची संख्या वाढत गेली आणि मे २०२४ मध्ये तिथल्या सरकारला गृहनिर्माण आणीबाणी जाहीर करावी लागली. दार सर्वांना उघडले म्हणून आतल्या खोल्या वाढत नाहीत, हे मान्यच आहे. तरीही निकष परत आणावेत असे मला वाटत नाही. खोल्या कमी असतील तर तो तुटवडा लांबलेल्या यादीत सर्वांच्या डोळ्यांसमोर दिसावा. अर्ज नाकारून तो झाकला की जास्त घरे बांधण्याची निकडच कोणाला वाटत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांविषयीच्या समितीने १९९१ मध्ये पुरेशा निवाऱ्याच्या हक्कावर जे भाष्य केले, त्यात वंचित गटांना अग्रक्रम द्यावा असे स्पष्ट म्हटले आहे. माझ्या अपेक्षा त्यापेक्षा बऱ्याच साध्या आहेत. पत्त्याच्या रकान्यात मदत केंद्राचा किंवा निवाऱ्याचा पत्ता चालावा. एका पत्राला उत्तर आले नाही म्हणून नाव कापले जाऊ नये. निदान तीन वेगवेगळ्या मार्गांनी शोध घेतल्याची नोंद असावी. नकार तोंडी न देता लेखी, कारणासह द्यावा आणि त्यावर अपील कुठे करायचे ते त्याच कागदावर लिहिलेले असावे. ‘नंतर या’ हे सध्याचे सर्वांत प्रचलित उत्तर आहे, आणि त्याची पोचपावती मिळत नाही.

आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. पुढच्या वेळी मंजूर घरांचा आकडा छापाल, तेव्हा त्याच्या शेजारी फेटाळलेल्या अर्जांचा आकडा आणि फेटाळण्याची कारणेही मागून घेऊन छापावीत. ‘गैरहजर’ या शेऱ्याखाली किती जण आहेत, हे त्यात वेगळे दाखवता आले तर फार बरे होईल.

आपली नम्र,
एक वाचक